रात्री नऊची कसोटी

रात्री तक्रार नोंदवली की दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता इंटरनेट कंपनीचा माणूस दारात येतो. स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट लावतो, 100 एमबीपीएसच्या प्लॅनवर 98 चा आकडा दाखवतो आणि म्हणतो, “स्पीड तर बरोबर येतोय.” तो खोटे बोलत नाही. आदल्या रात्री 9 वाजता परदेशातल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटत होता, हेही खरेच आहे. त्याने मोजली ती वाट वेगळी आणि वेळही वेगळी, म्हणून दोघेही बरोबर ठरतात.

माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्या सोसायट्या, दवाखाने आणि छोटी ऑफिसे यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: किती एमबीपीएसचे कनेक्शन घ्यावे? मी त्यांना आधी दुसरा प्रश्न विचारायला सांगतो. आपली इंटरनेट कंपनी पुढच्या कंपनीला जिथे जोडलेली आहे, त्या जोडाची क्षमता पुरेशी आहे का? घरापर्यंत आलेली फायबर कितीही चांगली असली, तरी हा जोड भरलेला असेल तर 100 चे 300 एमबीपीएस करून हाती काही लागत नाही. बिल मात्र वाढते. हा जोड तुम्हाला दिसत नाही, पण घरबसल्या त्याची परीक्षा घेता येते. ती कशी घ्यावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

वेशीपलीकडचे तीन रस्ते

एकटी कोणतीही कंपनी म्हणजे इंटरनेट नव्हे. जगभरातली 70 हजारांहून अधिक स्वतंत्र नेटवर्के एकमेकांना जोडली गेली, की त्या जाळ्याला आपण इंटरनेट म्हणतो. तुमच्या घरातून निघालेले माहितीचे पॅकेट आधी तुमच्या कंपनीच्या वेशीपर्यंत जाते आणि तिथून पुढे तीनपैकी एका रस्त्याला लागते.

पहिला रस्ता ट्रान्झिटचा. या धंद्यातले लोक त्याला ‘अपस्ट्रीम’ म्हणतात. तुमची कंपनी एखाद्या मोठ्या कंपनीला पैसे देते आणि ती साऱ्या जगापर्यंत वाट करून देते.

दुसरा पीअरिंगचा. दोन नेटवर्के आपापल्या ग्राहकांची वाहतूक एकमेकांना थेट देतात. कधी एखाद्या डेटा सेंटरमध्ये दोघांमध्ये खासगी केबल टाकलेली असते, तर कधी दोघेही एका सामाईक एक्स्चेंजला जोडलेले असतात. भारतात या देवाणघेवाणीचे सर्वांत मोठे ठाणे मुंबई आहे. समुद्राखालच्या अनेक आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. सरकारच्या पुढाकाराने 2003 मध्ये स्थापन झालेल्या ‘निक्सी’चे केंद्र इथे आहे आणि डीई-सीआयएक्स मुंबई, एक्स्ट्रीम आयएक्स ही खासगी एक्स्चेंजही इथे चालतात. निक्सी उभी राहिली ती देशातली वाहतूक देशातच राहावी म्हणून. त्याआधी भारतातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधली ईमेलसुद्धा परदेशात वळसा घेऊन परत यायची.

तिसरा रस्ता कॅशचा. गुगल, नेटफ्लिक्स, मेटा यांसारख्या कंपन्या आपले सर्व्हर थेट इंटरनेट कंपन्यांच्या जागेत ठेवतात. लोकांनी पाहिलेला व्हिडिओ तिथूनच दिला जातो, त्याला वेशीबाहेर जावे लागत नाही. अनेक छोटे स्थानिक ऑपरेटर ही कॅशची बँडविड्थ आणि खरी इंटरनेट बँडविड्थ वेगवेगळी विकत घेतात.

यूट्यूब झकास चालते आणि ऑफिसचा व्हीपीएन रडतो, याचा उलगडा इथे होतो. यूट्यूब जवळच्या कॅशमधून येते, व्हीपीएनला अपस्ट्रीमच्या जोडावरून जावे लागते. म्हणून ‘नेट चांगले की वाईट’ असा एकच निकाल कधी लावू नका. प्रत्येक रस्त्याचा निकाल वेगळा असतो.

क्षमता म्हणजे शिल्लक जागा

“आमच्याकडे 10 गिगाबिटचा पोर्ट आहे,” असे कंपनी सांगते तेव्हा ती पुलाची रुंदी सांगते. गर्दीच्या वेळी त्या पुलावर किती जागा उरते, हे त्यावरून कळत नाही. 10 गिगाबिटचा जोड रात्री 4 गिगाबिटवर चालत असेल तर तो उत्तम. 100 गिगाबिटचा जोड 99 वर चालत असेल तर तो निकामी होण्याच्या बेतात आहे. गर्दीच्या तासाला उरलेली जागा हीच खरी क्षमता.

जोड भरला की दोन गोष्टी होतात. पॅकेट आधी राउटरच्या बफरमध्ये रांगेत उभी राहतात. 10 गिगाबिटच्या पोर्टमागे 50 मेगाबाइटचा बफर असेल आणि तो पूर्ण भरला असेल, तर प्रत्येक पॅकेटला 40 मिलीसेकंद जास्त लागतात. रांगेतही जागा उरली नाही की पॅकेट टाकून दिली जातात. यालाच पॅकेट लॉस म्हणतात.

लॉसचा आकडा छोटा दिसतो म्हणून तो सोडून देऊ नका. जाऊन-येऊन 100 मिलीसेकंद लागणाऱ्या वाटेवर 1 टक्का पॅकेट हरवत असतील, तर जुन्या पद्धतीच्या टीसीपीच्या एका कनेक्शनला साधारण 1.4 एमबीपीएसच मिळतात. मग तुमचा प्लॅन 100 चा असो की 500 चा. लॉस 0.01 टक्क्यावर आला तर तेच कनेक्शन 14 एमबीपीएसपर्यंत जाते. स्पीड टेस्टमध्ये हे लपते, कारण ती बहुधा एकाच वेळी अनेक कनेक्शने उघडून सगळ्यांची बेरीज दाखवते. ऊक्लाच्या ॲपमध्ये एकाच कनेक्शनने मोजण्याचा पर्याय आहे. तो निवडून पाहा, चित्र बरेच स्पष्ट होते.

मग जोड किती भरलेला चालेल? दूरसंचार नियामक ट्रायने 2006 च्या ब्रॉडबँड सेवेच्या गुणवत्ता नियमांत याचे मोजमाप दिले होते. गर्दीच्या तासाला वापर 80 टक्क्यांच्या आत हवा. तो 90 टक्क्यांवर गेला की कोंडी आहे असे धरायचे आणि फार तर महिन्याभरात क्षमता वाढवायची. पॅकेट लॉस 1 टक्क्याच्या आत हवा, असेही त्यात होते. 2024 मध्ये या नियमांच्या जागी नवे नियम आले. तरीही 80 आणि 90 हे दोन आकडे प्रत्येक ग्राहकाने आणि ऑपरेटरने ध्यानात ठेवावेत, कारण त्यामागे व्यवहार आहे. वापराचे आलेख सहसा 5 मिनिटांच्या सरासरीवर काढतात. सरासरी 90 टक्के दिसते तेव्हा त्या 5 मिनिटांतले कितीतरी सेकंद जोड काठोकाठ भरलेला असतो. तुमच्या मीटिंगमधला आवाज तुटतो तो त्या सेकंदांत.

घरून परीक्षा कशी घ्यावी

*पहिली पायरी: स्वतःचे घर तपासा.* वायफाय बाजूला ठेवा, लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. आधी घरच्या राउटरला पिंग करा, म्हणजे छोटे पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. उत्तर 1 मिलीसेकंदाच्या आसपास आणि एकही पॅकेट न हरवता यायला हवे. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करत नाही ना, तेही पाहा. वायफायचा दोष कंपनीच्या माथी मारला की तुमची पुढची रास्त तक्रारही कुणी ऐकत नाही.

*दुसरी पायरी: चार ठिकाणे ठरवा.* एक, तुमच्या कंपनीचा पहिला राउटर, म्हणजे ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर क्रमाने दाखवणाऱ्या साधनात) घरच्या राउटरनंतर दिसणारा टप्पा. दोन, मुंबईत पण तुमच्या कंपनीच्या बाहेर असलेला एखादा सर्व्हर. तीन, सिंगापूरमधला. चार, युरोपातला. ऑफिसचा व्हीपीएन सर्व्हर किंवा दवाखान्याचे सॉफ्टवेअर जिथे चालते ते ठिकाण यांत हवेच, कारण तुमचे काम त्याच वाटेवर अडते. गुगल किंवा क्लाउडफ्लेअर यांच्या सार्वजनिक डीएनएसचे पत्ते परदेशच्या वाटेसाठी वापरू नका. एकच पत्ता जगात अनेक ठिकाणांहून उत्तर देतो. तुम्हाला बहुधा जवळचेच उत्तर मिळते आणि दूरची वाट तपासलीच जात नाही.

*तिसरी पायरी: मूळ अंतर ओळखा.* फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर 100 किलोमीटरला जाऊन-येऊन 1 मिलीसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर आहे, तेव्हा 39 मिलीसेकंदांपेक्षा कमी पिंग येणे शक्यच नाही. केबल वळणे घेत जाते, मध्ये उपकरणे असतात, म्हणून 50 ते 70 चा आकडा रास्त समजा. मुंबईहून लंडनसाठी 110 ते 140 अपेक्षित धरा. पुण्याहून मुंबईला एक आकडी पिंग यायला हवे. पुण्यातून मुंबईतल्या सर्व्हरला दिवसरात्र 120 लागत असतील, तर ती कोंडी नाही. तुमची वाहतूक सिंगापूरसारख्या ठिकाणी जाऊन परत येते आहे. हा पीअरिंग नसल्याचा दोष आहे आणि त्यावरचा उपायही वेगळा.

*चौथी पायरी: वेळा ठरवा.* पहाटे 6, दुपारी 3 आणि रात्री 9 ते 11. सलग 7 दिवस. शनिवार-रविवार त्यात यायलाच हवेत. एकदा मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. दर सेकंदाला एक पॅकेट पाठवत किमान 1,000 पॅकेटची चाचणी घ्या. त्याला 17 मिनिटे लागतात. 10 पॅकेट पाठवून त्यातले एक हरवले म्हणून ‘10 टक्के लॉस’ म्हणणे चूक आहे.

*पाचवी पायरी: साधने.* पिंग प्रत्येक संगणकात असते. वाट पाहण्यासाठी विंडोजमध्ये ‘ट्रेसर्ट’ आणि मॅक किंवा लिनक्सवर ‘ट्रेसराउट’ वापरा. दोन्हींचे काम सतत करणारे ‘एमटीआर’ सर्वांत सोयीचे. विंडोजसाठी ‘विनएमटीआर’ आहे. वेग मोजताना सर्व्हर कुठे आहे ते पाहून निवडा. ऊक्ला आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो अनेकदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. अशी चाचणी वेशीपर्यंतच मोजते. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपर्यंत मोजते, म्हणजे बहुधा कॅशची वाट. एम-लॅब या चाचणीचे सर्व्हर मुद्दाम ग्राहकांच्या कंपन्यांबाहेर ठेवलेले असतात, त्यामुळे ती चाचणी जोड ओलांडून जाते. तिन्ही करा. तिन्हींचे आकडे पहाटे सारखे आणि रात्री वेगळे येत असतील, तर त्या फरकातच तुमचे उत्तर आहे.

आकडे वाचताना

समजा, पुण्यातल्या एका घरातून पहाटे 6 वाजता पिंग असे आले: घरचा राउटर 1, कंपनीचा पहिला टप्पा 3, मुंबई 6, सिंगापूर 62. रात्री साडेनऊला: घरचा राउटर 1, पहिला टप्पा 4, मुंबई 7, सिंगापूर 102 आणि 2 टक्के लॉस. ट्रेसराउटमध्ये कंपनीच्या मुंबईतल्या शेवटच्या राउटरपर्यंत 7 दिसतात. पुढचा टप्पा दुसऱ्या कंपनीच्या नावाचा. तिथे पहाटे 8 होते, आता 48. तिथून सिंगापूरपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर पहाटेच्या आकड्यात तेवढीच 40 ची भर पडलेली दिसते. 7 दिवसांपैकी 6 रात्री हेच चित्र आणि साडेअकरानंतर सगळे पूर्ववत.

निदान स्पष्ट आहे. जोडाच्या अलीकडचा राउटर शांत आहे, पलीकडचा वाढला आहे आणि वाढ फक्त गर्दीच्या तासांत आहे. दोन कंपन्यांमधला तो एक जोड भरतो. अमेरिकेतल्या ‘कायडा’ या संशोधन संस्थेने आणि एमआयटीतल्या संशोधकांनी जोडांची कोंडी शोधण्यासाठी हेच तत्त्व वापरले. अलीकडच्या आणि पलीकडच्या राउटरला महिनोन्‌महिने पिंग करत राहायचे आणि पलीकडच्याच्या आकड्यांत रोज ठरावीक वेळी चढणारा उंचवटा दिसतो का ते पाहायचे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात अमेरिकेच्या मोठ्या ब्रॉडबँड कंपन्यांचे जोड याच पद्धतीने जवळजवळ दोन वर्षे तपासले आहेत. तुमच्या घरची 7 दिवसांची वही ही त्याच पद्धतीची लहान आवृत्ती आहे.

इतर चित्रे अशी वाचा:

- कंपनीचा पहिला टप्पाच रात्री वाढतो: कोंडी तुमच्या भागात आहे. एकाच फायबरवर जास्त घरे किंवा भागातल्या उपकरणाची पुढची लाइन अपुरी.
- पहिला टप्पा ठीक, पण मुंबईसह सगळीच ठिकाणे वाढतात: कंपनीची मुंबईपर्यंतची लाइन किंवा मुख्य अपस्ट्रीम भरला आहे.
- एखादेच ठिकाण वाढते: त्या एका दिशेचा जोड.
- आकडा दिवसरात्र सारखाच जास्त: वाट लांबची आहे, कोंडी नाही.
- एकाच ठिकाणी काही कनेक्शने सुरळीत तर काही अडखळतात: अनेक केबल एकत्र बांधलेल्या जोडातली एखादीच केबल भरलेली असू शकते.

वाचताना तीन सापळे टाळा. ट्रेसराउटमध्ये मधल्याच एका राउटरवर 40 टक्के लॉस दिसला, पण त्यापुढच्या टप्प्यांवर शून्य असेल, तर काळजी नको. तो राउटर चाचणीच्या पॅकेटांना उत्तर देण्याला कमी महत्त्व देतो आणि काहींना उत्तरच देत नाही; पुढे जाणारी वाहतूक तो नीट पाठवत असतो. लॉस किंवा विलंब शेवटपर्यंत टिकला तरच तो खरा. दुसरा सापळा परतीच्या वाटेचा. ट्रेसराउट जाण्याची वाट दाखवते. उत्तर वेगळ्याच कंपनीमार्गे येत असू शकते आणि कोंडी तिकडे असू शकते. सिंगापूर किंवा लंडनला तुमचे कुणी नातेवाईक असतील, तर त्यांना तिकडून तुमच्या कंपनीच्या सार्वजनिक पत्त्याकडे ट्रेसराउट करायला सांगा. कुणी नसेल तर मोठ्या नेटवर्कांनी लोकांसाठी खुले ठेवलेले ‘लुकिंग ग्लास’ वापरा. तिसरा सापळा, आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. दोन्ही तपासा आणि नोंदीत कोणती ते लिहा.

कागदावर काय दिसते

कंपनी निवडण्याआधी थोडा अभ्यास संगणकावर बसून होतो. ‘पीअरिंगडीबी’ हा नेटवर्कांनी स्वतःच भरलेला सार्वजनिक तक्ता आहे. कंपनीचे नाव किंवा एएस क्रमांक (प्रत्येक स्वतंत्र नेटवर्कचा ओळख क्रमांक) टाकला की ती कोणकोणत्या एक्स्चेंजला, किती गिगाबिटच्या पोर्टने जोडली आहे ते दिसते. ‘बीजीपी टूल्स’ किंवा हरिकेन इलेक्ट्रिकच्या बीजीपी पानावर तिचे अपस्ट्रीम कोण, ते कळते.

यातून तीन गोष्टी शोधा. एकच अपस्ट्रीम आहे की दोन-तीन? मुंबईच्या एक्स्चेंजवर कंपनी आहे की नाही? हजारो ग्राहक असल्याचे सांगणाऱ्या कंपनीचा पोर्ट फक्त 1 गिगाबिटचा तर नाही? मात्र या तक्त्याची मर्यादा ओळखा. माहिती ज्याची त्याने भरलेली असते, कधी जुनीही असते. खासगी जोड आणि कॅश त्यात पूर्ण दिसत नाहीत. पोर्ट किती भरला आहे हे तर मुळीच दिसत नाही. हा तक्ता प्रश्न विचारायला शिकवतो. उत्तर तुमच्या वहीतच मिळते.

कंपनीला विचारायचे प्रश्न

सोसायटी किंवा ऑफिससाठी करार करताना हे प्रश्न लेखी विचारा.

1. तुमचे अपस्ट्रीम कोण आणि प्रत्येकाकडून किती बँडविड्थ घेतली आहे?
2. गेल्या 30 दिवसांत रात्री 9 ते 11 या वेळेत प्रत्येक जोडाचा कमाल वापर किती टक्के होता? आलेख दाखवाल का?
3. एक अपस्ट्रीम बंद पडला तर उरलेल्यांवर सगळी वाहतूक मावते का?
4. कॅश बंद पडली तर तो भार कुठे जातो?
5. वापर किती टक्क्यांवर गेला की तुम्ही नवा पोर्ट मागवता आणि तो सुरू व्हायला किती दिवस लागतात?

आलेख दाखवला तर त्याचा माथा पाहा. निरोगी जोडाचा आलेख रात्री टेकडीसारखा चढतो, गोल होतो आणि उतरतो. भरलेल्या जोडाचा माथा सपाट असतो, पठारासारखा. लोकांना अजून हवे आहे, पण पलीकडे जायला जागाच नाही, हे तो सपाट माथा सांगतो. दिवसाची सरासरी दाखवून ‘45 टक्केच वापर आहे’ असे कुणी सांगितले, तर ते स्वीकारू नका. पहाटे 4 चा मोकळा रस्ता रात्री 9 च्या गर्दीत कामाला येत नाही.

स्थानिक ऑपरेटरांसाठी

गावोगावी फायबर नेणारे छोटे ऑपरेटर महाराष्ट्राच्या डिजिटल जगण्याचा मोठा भार उचलतात. त्यांच्यासाठी हे वेगळे लिहितो, कारण कोंडीचा पहिला रोष त्यांच्याच दारात येतो.

बिलाच्या आकड्यावरून क्षमता ठरवू नका. अनेक अपस्ट्रीम 95 पर्सेंटाइलने बिल लावतात. महिन्यात दर 5 मिनिटांच्या 8,640 नोंदी होतात. त्यातल्या सर्वांत मोठ्या 5 टक्के, म्हणजे 432 नोंदी सोडून उरलेल्यांतली कमाल नोंद धरली जाते. 432 नोंदी म्हणजे महिन्याचे 36 तास, रोजची 72 मिनिटे. खर्चाच्या दृष्टीने ही सवलत आहे. पण ग्राहक चिडतो तो त्याच 72 मिनिटांत आणि तेवढाच भाग या आकड्यातून गायब असतो. क्षमतेसाठी कमाल वापराचा आलेख वेगळा ठेवा, जमले तर 1 मिनिटाच्या नोंदींचा.

दोन जोड असतील तर एक तुटला असे समजून हिशेब करा. 10-10 गिगाबिटचे दोन जोड रात्री 60-60 टक्क्यांवर असले की सगळे हिरवे दिसते. एक तुटला की 12 गिगाबिट 10 मध्ये बसवायचे असतात. दोघांनाही 40 टक्क्यांपर्यंत ठेवले तर उरलेला जोड 80 वर थांबतो. समुद्राखालच्या केबलही तुटतात. 30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ एसईए-एमई-डब्ल्यूई 4 आणि फ्लॅग या दोन केबल तुटल्या आणि भारतातल्या इंटरनेटचा मोठा भाग काही दिवस रखडला. 2024 च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रातही केबल तुटल्या. तुमचे दोन अपस्ट्रीम वेगवेगळ्या कंपन्यांचे असूनही पुढे एकाच केबलवर जात असतील, तर खरा जोड एकच आहे. दोघांना त्यांची केबल विचारून घ्या.

वाढीचा हिशेबही सोपा आहे. रात्रीचा कमाल वापर भागिले त्या वेळी जोडलेले ग्राहक. समजा 3,000 ग्राहकांमागे 6 गिगाबिट लागतात, म्हणजे माणशी 2 एमबीपीएस. 10 गिगाबिटचा 80 टक्के म्हणजे 8 गिगाबिट, म्हणजे 4,000 ग्राहक. तिथे पोहोचायला किती महिने उरले ते काढा. त्यातून पोर्ट मिळायला लागणारा काळ वजा करा. जी तारीख येईल ती भिंतीवर लिहून ठेवा. तीच पुढच्या ऑर्डरची शेवटची तारीख.

जोड भरलेलाच का राहतो

कधी कारण साधे असते: मागणी वाढली, ऑर्डर उशिरा गेली. कधी कारण पैशांचे असते. वाढीव पोर्टचा खर्च कोणी द्यायचा यावर दोन कंपन्यांचे पटत नाही आणि जोड तसाच राहतो. अमेरिकेत 2014 मध्ये हे उघडपणे घडले. लेव्हल 3 या मोठ्या ट्रान्झिट कंपनीने त्या वर्षी मे महिन्यात जाहीर केले की तिच्या 51 पीअरपैकी 12 जणांशी असलेल्या जोडांवर कोंडी आहे. त्यातल्या 6 जणांशी जवळजवळ सगळेच जोड वर्षाहून अधिक काळ भरलेले आहेत आणि समोरचा पक्ष ते वाढवायला नकार देतो. त्या 6 मधल्या 5 कंपन्या अमेरिकेतल्या होत्या, एक युरोपातली. समोरच्या कंपन्यांचे म्हणणे वेगळे होते: वाहतूक एकाच बाजूने वाढते आहे, तेव्हा तो खर्च पाठवणाऱ्याने सोसावा. त्याच वर्षी फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने कॉमकास्ट या ब्रॉडबँड कंपनीशी पैसे देऊन थेट जोड घेण्याचा करार केला. ऑक्टोबरमध्ये एम-लॅबच्या अहवालाने दाखवले की ग्राहकांचा वेग घरच्या लाइनमुळे पडत नव्हता, कंपन्यांच्या जोडांवर पडत होता.

ग्राहकासाठी यातला धडा असा. एकाच बाजूचा आकडा पाहून दोष ठरवू नका. जोड भरला आहे हे मोजमाप सांगू शकते. तो कोणी वाढवायला हवा होता, हे सांगू शकत नाही. पण पैसे तुम्ही तुमच्या कंपनीला देता. तिने पुढच्या कंपनीशी तडजोड करावी, दुसरा अपस्ट्रीम घ्यावा की एक्स्चेंजवर जावे, हा तिचा प्रश्न. रात्री 9 वाजता वाट मोकळी असावी, एवढी मागणी तुमची आहे आणि ती न्याय्य आहे.

तक्रार अशी लिहा

‘नेट स्लो आहे’ या वाक्यावर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहा: “1 ते 7 तारखेदरम्यान, 6 रात्री, 9 ते साडेअकरा या वेळेत तुमच्या मुंबईतल्या अमुक राउटरनंतरच्या टप्प्यावर विलंब 8 वरून 48 मिलीसेकंदांवर जातो आणि पुढे सर्वत्र टिकतो. सिंगापूरपर्यंत लॉस 2 टक्के. पहिल्या टप्प्यापर्यंत आणि पहाटे सर्व ठीक. केबलने जोडून, प्रत्येक वेळी 1,000 पॅकेटने मोजले. नोंदी सोबत जोडल्या आहेत. हा जोड तपासावा आणि वाढवण्याची तारीख कळवावी.” हे पत्र नेटवर्क विभागात पोहोचले की दहा मिनिटांत त्यांना आपला आलेख उघडून खात्री करता येते.

तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, म्हणून तिकडे वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी घेऊन ग्राहक तिथे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. शेजारच्या चार घरांच्या नोंदी एकत्र दिल्या तर वजन वाढते, कारण चार घरांत एकाच वेळी, एकाच टप्प्यावर येणारा दोष कुणा एकाच्या वायफायचा असू शकत नाही.

आणि दारात येणाऱ्या माणसाशी नीट वागा. पोर्ट मागवणे त्याच्या हातात नसते. तुमच्यासारख्याच चाळीस घरांचा राग त्याच्या वाट्याला येतो. त्याला तुमची वही दाखवा, फोटो काढू द्या. पुढची भेट ठरवताना एवढेच मागा: सकाळी 11 ला नको, रात्री 9 ला या. मग दोघे मिळून तीच वाट त्याच वेळी मोजा.